शिक्षणाचा खर्च कोणाचा व फळ कोणाचें ?

(शीव येथें गांवच्या मुंबईकर मंडळींच्या वार्षिक सभेंत सातारा जिल्ह्यांतील एका प्राथमिक शिक्षकानें दिलेलें व्याख्यान)



आपण आज ज्या भागांत बसलों आहों, त्या भागाची एक गोष्ट आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक नसेल. मुंबई शहरांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें झालें, तें पहिल्यानें एफ् व जी या दोन वॉर्डांत, सन १९२५ मध्यें. त्याचा कायदा १९२० सालचा. आज शीव ज्या एफ्-उत्तर विभागांत मोडतें, तो त्याच जुन्या एफ् वॉर्डाचा तुकडा आहे. मलबार हिलवरच्या मुलांस शाळेंत ओढून आणावें लागत नव्हतें. परळ-लालबागच्या चाळींतलें पोर मात्र बापाचा डबा घेऊन गिरणीच्या दारांत उभें राही, किंवा घरीं धाकटें भावंड सांभाळी. तें पोर शाळेंत यावें म्हणून कायदा लागला. म्हणजे या शहरानें एकदां तरी असें ठरविलें होतें कीं, शिक्षणाचा पैसा प्रथम तळाशीं लावावयाचा. ही गोष्ट ध्यानांत असूं द्या. पुढें तिचें काम पडणार आहे.

दुसरी गोष्ट येथील रुग्णालयाची. कागदोपत्रीं त्याचें नांव लोकमान्य टिळक महानगरपालिका सर्वसाधारण रुग्णालय. आपणां सर्वांच्या तोंडीं मात्र तें ‘सायन हॉस्पिटल’. गांवाकडे डॉक्टरनें हात टेकले कीं रोग्याला गाडींत घालून येथें आणावयाचें, हा आपला तीन पिढ्यांचा रिवाज. सन १९४७ मध्यें लष्कराच्या बराकींत हें रुग्णालय सुरू झालें व १९६४ सालीं त्याला वैद्यकीय महाविद्यालय जोडलें गेलें. तें दिल्ली सरकारचें नव्हे, राज्य सरकारचेंही नव्हे. तें या शहराच्या महानगरपालिकेचें.

महानगरपालिकेचा पैसा म्हणजे तरी कोणाचा ? १ जुलै २०१७ पर्यंत त्या पैशाचा फार मोठा झरा म्हणजे जकात. नाक्यावर ती ट्रकवाल्यानें भरली, हें नुसतें दिसावयाचें. ट्रकवाल्यानें ती व्यापाऱ्याच्या माथीं मारली, व्यापाऱ्यानें दुकानदाराच्या, आणि दुकानदारानें तुमच्या माउलीनें नेलेल्या गोडेतेलाच्या पिशवींत मिसळून दिली. धारावींतल्या कुंभारानें ती भरली. भायखळ्याच्या बाजारांत पाटी वाहणाऱ्यानें भरली. ज्यांचीं मुलें सातवींतून उठून कामास लागलीं, त्यांनींही भरली. ‘इन्कमटॅक्स भरतो तोच काय तो देश पोसतो,’ असें म्हणणारीं शहाणीं माणसें हल्लीं फार भेटतात. त्यांनीं एकदां किराणा मालाची यादी घेऊन बसावें.

हा हिशेब मी नव्यानें काढलेला नाहीं. जोतीराव फुले यांनीं तो १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें लेखी मांडला आहे. सरकारच्या उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या घामांतून येतो, आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर; रयतेच्या पोरांना मात्र पाटीही मिळत नाहीं, असा त्यांच्या निवेदनाचा रोख होता. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, शिक्षक शिकवून तयार केलेला असावा व त्याचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा, असेंही त्यांनीं मागितलें. (हें शेवटचें वाक्य आम्हां मास्तर मंडळींस तोंडपाठ असतें !) त्याच कमिशनपुढें सक्तीच्या शिक्षणाची मागणी करणारे दुसरे गृहस्थ म्हणजे दादाभाई नौरोजी. हिंदुस्थानचा पैसा विलायतेस कसा वाहून जातो, हें दादाभाईंनीं आकड्यांनिशीं जगास दाखविलें. रयतेच्या पैशावर शिकलेलीं डोकींही एक दिवस तशींच वाहूं लागतील, हें मात्र तेव्हां कोणाच्या स्वप्नींही नसावें.

इंग्रजांची समजूत अशी होती कीं, वरच्या थरांत विद्या ओतली कीं ती आपोआप खालीं झिरपते. पाणी झिरपतें हें खरें. पण जमीन भुसभुशीत असेल तर. आमच्याकडे मध्यें जातीचा व गरिबीचा कातळ. इंग्रज गेले, पण ओतण्याची तऱ्हा फारशी बदलली नाहीं. घटनेच्या ४५ व्या कलमानें सांगितलें होतें कीं, दहा वर्षांच्या आंत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांस मोफत व सक्तीचें शिक्षण देण्याचा प्रयत्न सरकार करील. दहा वर्षें म्हणजे १९६० साल. प्रत्यक्षांत तो हक्क म्हणून घटनेंत घालणारी दुरुस्ती झाली २००२ सालीं, त्याचा कायदा झाला २००९ सालीं, आणि तो अंमलांत आला १ एप्रिल २०१० रोजीं. दहा वर्षांच्या वायद्याला साठ वर्षें लागलीं. कोठारी आयोगानें १९६६ सालीं सांगितलें कीं, राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के भाग शिक्षणावर खर्चावा. २०२० सालच्या नव्या शैक्षणिक धोरणांत तेच सहा टक्के पुन्हां लिहिलेले आहेत. म्हणजे काय तें समजा. याच काळांत दिल्लीस १९५६ सालीं अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली, १९५८ सालीं आपल्या पवईस आय्. आय्. टी. आली. या संस्था उभ्या राहावयास नको होत्या असें मी म्हणत नाहीं. कळस चढविला म्हणून माझा रुसवा नाहीं. पाया अर्धवट ठेवला म्हणून आहे.

मग १९६५ सालीं अमेरिकेनें आपला परकीयांच्या प्रवेशाचा कायदा बदलला. देश पाहून माणूस घेण्याची जुनी रीत गेली व हुन्नर पाहून घेण्याला वाव झाला. विलायतेंत १९४८ पासून सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली होती; तिला डॉक्टरांची भूक होती. इकडचें वर ओतलेलें पाणी खालीं झिरपलें नाहींच. तें डोंगर ओलांडून दुसऱ्याच्या खोऱ्यांत उतरलें.

आतां एक आकडा सांगतों. दिल्लीच्या त्या आयुर्विज्ञान संस्थेंतून १९८९ ते २००० या काळांत जे ४२८ डॉक्टर बाहेर पडले, ते पुढें कोठें गेले याचा कांहीं अभ्यासकांनीं शोध घेतला व तो जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेंत २००८ सालीं छापून आला. त्यांतील सुमारें ५४ टक्के डॉक्टर हिंदुस्थानाबाहेर होते. शंभरांतले चौपन्न ! आणि त्याच शोधांत दुसरी गोष्ट निघाली. राखीव जागांवर आलेल्यांच्या मानानें खुल्या जागांवर आलेले डॉक्टर परदेशीं असण्याचा संभव सुमारें दुप्पट होता.

हें ऐकून आपल्यांतील कोणी मिशांवर ताव देईल कीं, ‘बघा, आमचीं पोरें देशाला धरून राहिलीं.’ बंधूंनो, जरा सबूर. राहिलीं तीं सगळीं देशप्रेमानेंच राहिलीं असें समजूं नका. परीक्षांची फी, विमानाचें तिकीट, तिकडे पहिले सहा महिने काढण्याची ऐपत, आणि ‘ये, मी आहे’ म्हणणारा काका किंवा मेव्हणा, हें सर्व ज्याच्यापाशीं असतें तो जातो. आपल्या मुलांपाशीं तें नव्हतें. त्यांच्या पाठीमागें म्हातारे आईबाप होते, लग्नाची बहीण होती. तरी पण एवढें खरें कीं, राखीव जागा म्हणजे गुणवत्तेचा नाश अशी जी ओरड ऐकूं येते, तिला या आकड्यानें चांगलें उत्तर मिळतें. ज्या डॉक्टरवर जनतेनें खर्च केला तो जनतेच्या दवाखान्यांत उभा राहिला तर खर्च वसूल झाला, असें कोणताही शेतकरी सांगेल.

आतां आपल्या घरच्या प्रश्नाकडे येतों. आपल्या मंडळानें आजच्या सभेपुढें ठराव ठेविला आहे कीं, निधींत जमलेल्या अकरा लाख रुपयांपैकीं आठ लाख रुपये गांवच्या एका तरुण डॉक्टरास अमेरिकेस जाण्यासाठीं बक्षीस द्यावे. मुलगा हुशार, निर्व्यसनी. पहिली ते चौथी तो माझ्याच हाताखालीं होता. जनतेच्या पैशावर चालणाऱ्या महाविद्यालयांतून तो डॉक्टर झाला. त्याच्या सत्काराचे दोन शब्द बोलावे म्हणून चिटणीसांनीं मला गांवाहून मुद्दाम बोलाविलें. मी सत्कार करितों. पण ठरावाला माझी उपसूचना आहे.

प्रथम मुलाची बाजू. ‘आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें,’ ही म्हण परदेशीं जाणाऱ्यांच्या तोंडावर फेकणारे लोक आहेत. मला ती आवडत नाहीं. माणूस कां जातो तें अगोदर पाहिलें पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचेंच उदाहरण घ्या. सयाजीराव गायकवाडांनीं १९१३ सालीं त्यांना अमेरिकेस कोलंबिया विद्यापीठांत पाठविलें, तें बडोदें संस्थानची दहा वर्षें नोकरी करण्याच्या करारावर. आजच्या भाषेंत तो बॉन्डच. बाबासाहेब करार मोडून तिकडे राहिले नाहींत. १९१७ सालीं बडोद्यास हजर झाले. पण कचेरींतला शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून टाकी, आणि राहावयास त्या शहरांत एक खोली मिळाली नाहीं. पारशी धर्मशाळेंतून लोकांनीं लाठ्या घेऊन बाहेर काढलें. तेव्हां ते मुंबईस परत आले. करार कागदावर पक्का होता. राजाही भला होता. पण परत आलेल्या विद्वानाला बसावयास जागा नव्हती. बॉन्ड लिहून घेणाऱ्यानें ही जागा अगोदर झाडून ठेवावी लागते.

आपल्या राज्यांतही बॉन्ड आहे. सरकारी व महापालिकेच्या महाविद्यालयांतून शिकलेल्या डॉक्टरानें एक वर्ष सरकारी सेवा करावी, असा त्याचा अर्थ. परंतु कित्येक वर्षें दंड भरून त्यांतून सुटण्याची वाट होती, आणि पदवीपुरता तो दंड दहा लाख रुपयांपर्यंत नेलेला होता. असला दंड कोणाला अडवितो ? शेतमजुराच्या मुलाला तो भिंत. नर्सिंग होमवाल्याच्या मुलाला टोलनाका.

दुसऱ्या देशांनींही डोकें चालविलें आहे. सोविएट रशियानें १९७२ सालीं देश सोडून जाणाऱ्या शिकलेल्या लोकांवर भला मोठा ‘पदवी-कर’ बसविला. तो मुख्यतः ज्यू लोकांच्या मानेवर बसला, जगभर बोंब झाली, आणि दुसऱ्या वर्षीं तो गुंडाळावा लागला. माणसाला वेठीस धरून विद्या देशांत ठेवतां येत नाहीं. त्याच सुमारास दुसरा एक विचार पुढें आला, आणि तो मांडणारा माणूस आपल्या मुंबईंत १९३४ सालीं जन्मलेला. अर्थशास्त्रज्ञ जगदीश भगवती यांचें म्हणणें असें कीं, ज्याला जावयाचें त्याला खुशाल जाऊं द्यावें. पण तो तिकडे जें मिळवील त्यावर थोडा जादा कर बसवून ती रक्कम त्याच्या मायदेशासारख्या गरीब देशांच्या कामीं लावावी. श्रीमंत देशांनीं तो कर गोळा करण्याचें मनावर घेतलें नाहीं. कां घेतील ? तयार डॉक्टर फुकट मिळतो आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१० सालीं गरीब देशांतील वैद्यकीय माणसें पळवूं नयेत अशा अर्थाची संहिता केली, पण ती ऐच्छिक आहे. आणि ऐच्छिक नियम कसा पाळतात तें एस्. टी. च्या रांगेंत उभें राहिलें कीं कळतें.

कोणी म्हणेल, तिकडून पैसा येतो तें विसरतां काय ? विसरत नाहीं. सन २०२२ मध्यें परदेशस्थ हिंदी लोकांनीं १०० अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम देशांत पाठविली. त्यांत आखातांतल्या गवंड्याचा व ड्रायव्हरचा घामही आहे. पण हा पैसा त्यांच्या त्यांच्या घरीं येतो, आणि तो योग्यच आहे. जकात भरणाऱ्या कुंभाराच्या घरीं तो येत नाहीं.

जाऊन परत येणारेही आहेत. डॉ. अभय व राणी बंग अमेरिकेंत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९८६ सालीं गडचिरोलीस जाऊन बसले. गांवांतल्याच बाईला शिकवून तान्ह्या मुलांचे प्राण घरच्या घरीं कसे वाचवितां येतात, हें त्यांनीं दाखविलें व १९९९ सालीं तें जगापुढें छापून मांडलें. परदेशीं शिकणें वाईट असतें तर हें झालें नसतें. आणि येथेंच राहून काय होतें तेंही पाहा. या सायन हॉस्पिटलांत १९८९ सालीं डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनीं मातेच्या दुधाची पेढी काढली. आशिया खंडांतली ती पहिली. अपुऱ्या दिवसांच्या, आईला दूध नसलेल्या बाळांना दुसऱ्या आयांचें दूध. हें सुचावयाला धारावी-मानखुर्दच्या बाया ज्या दवाखान्यांत येतात तेथेंच उभें राहावें लागतें.

आतां आपल्या शाळेचें ऐका, कारण माझें खरें दुखणें तें आहे. शाळेच्या व्हरांड्यांत एक फळा आहे. गांवचे डॉक्टर, इंजिनियर, फौजदार झालेल्या मुलांचीं नांवें त्यावर रंगविलेलीं आहेत. एकूण तेवीस. त्यांपैकीं आज गांवांत एकही राहत नाहीं. आम्हीं मास्तरांनीं शाळेचें यश मोजलें तें किती मुलें गांव सोडून गेलीं यावर. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष जूलियस न्येरेरे हे मूळचे शाळामास्तर. त्यांचे लोक त्यांना ‘म्वालिमु’ म्हणजे ‘गुरुजी’च म्हणत. त्यांनीं १९६७ सालीं आपल्या देशाचें शिक्षणाचें धोरण लिहिलें, त्यांत हेंच दुखणें पकडलें होतें. वर जाणारीं मुलें थोडीं, गांवांत राहणारीं पुष्कळ. तर प्राथमिक शाळा ही वरच्या परीक्षेची पायरी न करितां, जें मूल तेथेंच थांबेल त्यालाही पुरें पडेल असें शिक्षण तींत द्या. त्यांचे सगळेच बेत तडीस गेले नाहींत. पण प्रश्न त्यांनीं नेमका विचारला.

आज आपल्या शाळेचा पट अठरा आहे. चार कुटुंबें इकडे आलीं. ज्यांना परवडतें त्यांचीं मुलें गाडींत बसून तालुक्याच्या इंग्रजी शाळेंत जातात. उरलीं तीं धनगरवाड्याचीं, बौद्धवाडीचीं आणि दोन ऊसतोडीवाल्यांचीं. सन २०२३ मध्यें राज्यांत वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याची हालचाल झाली. अशा शाळा १४ हजारांहून अधिक निघाल्या. आपली शाळा त्यांतच बसते. उद्यां ती उठली तर जवळची शाळा ओढ्यापलीकडे तीन किलोमीटरवर. आषाढांत त्या ओढ्याला पाणी आलें कीं पहिल्यानें कोण घरीं बसेल ? मुली बसतील. मीं वीस वर्षें पट लिहिला आहे. कोणतें नांव प्रथम खोडलें जातें तें मला विचारा.

म्हणून माझी उपसूचना अशी. अकरा लाखांतले पांच लाख प्रथम शाळेसाठीं बाजूला काढावे. त्यांतून गांवची डी. एड्. झालेली व घरीं बसलेली जी मुलगी आहे, तिला तीन वर्षें मानधन द्यावें. दोन मास्तर आणि चार वर्ग. त्यांत एक मास्तर कधीं मतदारयादीला, कधीं माहिती भरावयाला. तिसरें माणूस वर्गांत उभें राहिलें तर तालुक्याच्या गाडींतलीं चार मुलें परत येतील आणि पट बावीसवर जाईल. मात्र एक रुपयाही कौलें बदलण्याला किंवा संडास बांधण्याला देऊं नये. तें काम जिल्हा परिषदेचें आहे. तिच्या मानेवरचें जूं आपण वर्गणी काढून उतरविलें, तर ती पुन्हां मान पुढें करणार नाहीं.

डॉक्टरांना पांच लाख द्यावे. पण बक्षीस नव्हे, बिनव्याजी कर्ज. एक लाख गांठीला असूं द्यावा. तिकडे पगार सुरू झाल्यावर तिसऱ्या वर्षापासून त्यांनीं हप्त्यानें फेड करावी, आणि कर्ज फिटल्यावरही जोंवर परदेशांत कमावतील तोंवर पगारांतील शंभर रुपयांमागें एक रुपया मंडळाकडे पाठवावा. भगवतींचा कर सरकारांना जमला नाहीं. आपल्या सत्तर घरांच्या गांवाला कां जमूं नये? जर ते परत येऊन तालुक्याच्या किंवा कोणत्याही सरकारी दवाखान्यांत तीन वर्षें बसले, तर राहिलेलें कर्ज माफ. परत या अशी सक्ती नाहीं. आणि जो पैसा परत येईल तो गांवांतल्या मुलींच्या बारावीपुढील शिक्षणाला लावावा. ज्या घरांत अजून एकही पदवीधर झालेला नाहीं त्या घराला पहिला मान.

चिटणीस म्हणतात, कर्जाला तारण काय ? त्यांच्या वडिलांची दीड एकर जमीन लिहून घ्या असें कोणी सुचविलें आहे. माझा त्याला विरोध आहे. सावकारानें आपल्या आज्यापणज्यांस जें केलें तें आपल्याच मंडळानें करूं नये. मुलाची सही पुरे. ती सही त्यानें पहिल्यांदा माझ्या पाटीवर गिरविली आहे.

ठराव मतास टाकण्यापूर्वीं डॉक्टरांचें स्वतःचें म्हणणें सभेनें ऐकावें, अशी अध्यक्षांस विनंति आहे. ते मागच्या बांकावर बसले आहेत.